सात दिवसांची नोटीस

“झोप लागते का हो ताई आता?”

फोनवरचा आवाज ओळखीचा नव्हता. सकाळचे अकरा वाजले होते. कुकरची एक शिट्टी झाली होती आणि मी दुसरीची वाट बघत उभी होते.

“कोण बोलतंय?”

“मी प्रमिला वानखडे बोलून राहिले, अकोल्याहून. ‘सोबत’मधली. म्हणजे आधी होते मी त्यात. माझ्या सासूबाईंचं लिहायची, आठवते का?”

आठवत होतं. ‘सोबत’ ही आमची मेलवरची यादी. घरात विसरण्याचा आजार झालेलं माणूस सांभाळणारे आम्ही साठ-पासष्ट जण. कुठून कुठून जमलेले, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले. एकानं मेल लिहिली की ती सगळ्यांना पोचायची. या प्रमिलाबाईंच्या सासूबाई घरातले सगळे चमचे उशीखाली लपवायच्या आणि जेवायला बसलं की चमचा मागायच्या. ते वाचून मी एकटीच खुदखुदले होते. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या मेल यायच्या थांबल्या. कंटाळल्या असतील, असं मी धरून चालले होते.

“नाही लागत,” मी खरं ते सांगितलं. माझ्या झोपेची चौकशी कुणी करून बरेच महिने झाले होते.

“लागते हळूहळू. मला तीन महिने लागले. माणूस नसते, पण कान तिकडंच असतात. अन् जेवत जा वेळेवर. तेरा दिवस लोकं असतात, मंग घर खायला उठते. दिवसकार्य नीट पार पडलं ना?”

“कुणाचं?”

“तुमच्या मिस्टरांचं.”

माझे मिस्टर समोरच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर जुनी चादर होती. तिच्या काठाचे दोरे उपसून ते एकेकाला गाठ मारत होते. इचलकरंजीत चौतीस वर्षं ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. माझं नाव ते केव्हाच विसरले होते, पण तुटलेला दोरा गाठायचं बोटं विसरली नव्हती.

एक कबूल करते. तेव्हा क्षणभर मला वाटलं, नुसतं ‘हो’ म्हणावं आणि फोन ठेवून द्यावा. का वाटलं ते पुढे सांगेन.

“ते समोर बसलेत माझ्या,” मी म्हणाले. “आत्ताच उपमा खाल्लाय.”

पलीकडून एकदम, “अवो माय! ताई, माफ करा हो मला. हेर्लेकर सरांनी नंबर दिला. म्हणे, तोडकरबाईंचे यजमान गेले, दिवस झाले की फोन करा. आमच्यात तशीच पद्धत आहे. ज्याचं माणूस गेलेलं असते त्यानंच नव्या माणसाला फोन करायचा. अन् कसं झालं, काय झालं, ते नाही विचारायचं. पहिलं झोपेचं विचारायचं. मी दोन दिवसांपासून धीर गोळा करून राहिले होते, अन् हे काय करून बसले!”

त्या रडायलाच लागल्या. सांत्वन करायला फोन केलेल्या बाईचं सांत्वन मला करावं लागलं. शेवटी मी म्हणाले, “हेर्लेकरांना तुम्ही काही बोलू नका. मीच जाऊन सांगते.”

फोन ठेवला तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या होत्या आणि डाळ खाली लागली होती.

म्हणजे बारा दिवसांचं कोडं असं सुटलं. सोळा जानेवारीच्या संध्याकाळपासून ‘सोबत’ची एकही मेल मला आली नव्हती. रोज दुपारी चारला हे तासभर झोपायचे. तेवढ्यात मी मृणालचा, म्हणजे माझ्या मुलीचा, जुना कॉम्प्युटर उघडायची. ती बडोद्याला, फोन रविवारी. बाकी दिवसभर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. हे बोलायचे, पण ते माझ्याशी नसायचं. यादीवर मात्र कुणी लिहायचं की आज बाबांनी मला ओळखलं, कुणी लिहायचं की आज आईनं चावा घेतला, आणि दहा-बारा जण उत्तर द्यायचे. मी स्वतः फार लिहीत नसे. पण चार ते पाच या तासाच्या जोरावर मी उरलेले तेवीस काढत होते.

पहिले दोन दिवस वाटलं, संक्रांतीच्या गडबडीत असतील सगळे. मग वाटलं नेट गेलं असेल, पण बँकेच्या आणि साड्यांच्या सेलच्या मेल बिनचूक येत होत्या. नको असलेल्या मेलचा कप्पाही उपसून झाला. पाचव्या दिवशी मी यादीला दोन ओळी लिहिल्या, ‘सगळे बरे आहात ना?’ एका मिनिटात ती मेल परत आली. इंग्रजीत लिहिलं होतं की असा गट अस्तित्वात नसेल, किंवा असला तरी तिथे लिहायची तुम्हाला परवानगी नसेल.

मी ते चारदा वाचलं. परवानगी नसेल! अडीच वर्षं होती ती एका रात्रीत कशी गेली?

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात एकोणतीस वर्षं काढली. बारनिशी माझ्याकडे होती, म्हणजे जाणारा प्रत्येक कागद माझ्या हातून नोंद होऊन जायचा. कुणाचाही नळ तोडायचा तर आधी सात दिवसांची लेखी नोटीस. घर बंद असलं तर दाराला चिकटवायची आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. आमच्यावर कुत्रं सोडणाऱ्या माणसाचा नळसुद्धा आम्ही नोटिशीशिवाय तोडला नाही. आणि इथं मला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. राग आला होता, पण रागापेक्षा थकवाच जास्त आला. भांडायला उठावं तर कुणाशी? मी कॉम्प्युटर बंद केला आणि यांचा चहा ठेवला. पुढचे सहा-सात दिवस रोज चारला उघडून बघायची, आणि बंद करायची.

प्रमिलाबाईंच्या फोननं मात्र मी उठले. यादीच्या प्रत्येक मेलखाली पत्ता असायचा: य. वा. हेर्लेकर, विश्रामबाग, सांगली. फोन केला असता तर चाललं असतं, पण असल्या गोष्टी हातात नेऊन द्यायच्या असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या शकीलाभाभीला हाक मारली.

“भाभी, सांगलीला जाऊन येते. चारच्या आत परत.”

“जावा ओ काकी, बिनघोर जावा. काकांस्नी मी बघते. फार तर माझ्याकडनं दोरं गाठून घेतील दिवसभर, आनि काय?”

“आंघोळीला नको म्हणतील. राहू दे मग.”

“ते मी बघते म्हटलं न्हवं? जावा तुम्ही.”

हेर्लेकर पंचाहत्तरीचे असावेत. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला, हे मला यादीवरून माहीत होतं. बायको याच आजारानं गेली, तरी ते यादी चालवत होते. दार उघडल्यावर मी नाव सांगितलं, “तोडकर, इचलकरंजी.” त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली.

“या. खरं तर मीच यायला हवं होतं.” पाणी आणून दिलं, समोर बसले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “झोप...”

“झोपेचं विचारू नका,” मी म्हणाले. “माझे मिस्टर जिवंत आहेत.”

त्यांनी चष्मा काढला. पुन्हा घातला.

“जिवंत आहेत,” मी परत सांगितलं. “आणि तुम्ही मला काढलंत. विचारलं नाहीत, सांगितलं नाहीत. अहो, नगरपालिकेत नळ तोडायचा तरी आम्ही सात दिवसांची नोटीस द्यायचो. मी काय गुन्हा केला होता? बारा दिवस मी एकटी बसून विचार करतेय की माझं काय चुकलं.”

ते उठले आणि आतून एक वही घेऊन आले. वहीत एक छापलेली मेल चिकटवली होती. माझीच होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, “‘एअर बेड, कमोडची खुर्ची, वॉकर. सर्व चांगल्या स्थितीत. गरजूंनी एक तारखेनंतर घेऊन जावे.’ तोडकरबाई, आपल्या यादीवर माणूस असताना कुणी एअर बेड देत नाही हो.”

ते मलाही ठाऊक होतं. अडीच वर्षांत अशा कितीतरी मेल मी वाचल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलं होतं, सुटलं बिचारं. माझीही मेल कुणी तशीच वाचेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

“एक तारखेनंतर लिहिलंत,” ते म्हणाले. “मी मोजून बघितलं. तेरावा उरकून घर आवरायचा अंदाज बरोबर बसत होता.”

“तरी विचारायचं होतं.”

“काय विचारायचं? ‘गेले का’ असं?” ते वैतागून नाही, खरंच विचारत होते. “पूर्वी यादीवर श्रद्धांजली चालायची. एकदा एका दिवसात सत्तावीस मेल आल्या. आमच्या हिला मी मेल वाचून दाखवायचो, तिला आवडायचं. त्या दिवशी ती विचारायला लागली, कोण गेलं? कुणाचे तरी वडील, म्हटलं. तर तिला वाटलं, तिचेच. रडली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत नव्यानं रडली. नऊ दिवस चाललं होतं ते. तेव्हा मी ठरवलं की यादीवर मरण येऊ द्यायचं नाही. आणि ज्याचं माणूस गेलं त्याला या रोजच्या मेलनी कशाला छळायचं? सामानाची मेल आली की नाव हळूच काढायचं. तेराव्याच्या आत एखाद्या बाईला ‘आपले नाव कमी करण्यात येत आहे’ असं मी कसं लिहू? तुम्हीच सांगा.”

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

ते माझ्या मेलकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “पण यजमान आहेत तर सामान का दिलंत?”

मी याच प्रश्नाला बारा दिवस, खरं तर महिनाभर, भीत होते. माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक पाकीट होतं आणि त्यातल्या फॉर्मवर माझी सही झाली होती. मृणालला माहीत नव्हतं, शकीलाभाभीला माहीत नव्हतं. मी या परक्या माणसाला सांगितलं.

“एक तारखेला त्यांना अशा माणसांच्या देखभाल केंद्रात ठेवणार आहे. निपाणीच्या वाटेवर आहे एक. तिथं सगळं मिळतं, पलंग, खुर्ची, सगळं. मागे घरात तो रिकामा एअर बेड मला बघवला नसता.”

ते ऐकत राहिले, म्हणून मी पुढचंही सांगितलं.

“पाच जानेवारीला मी त्यांना ढकललं. सकाळपासून चौथ्यांदा मी त्यांचे कपडे बदलत होते. ते हात झटकत होते, आणि मी ढकललं. पलंगावर पडले, लागलं काही नाही. रागावलेसुद्धा नाहीत. माझ्याकडं बघून हात जोडले आणि म्हणाले, ‘बाई, मला घरी सोडा. माझी बायको वाट बघत असंल.’ त्याच दुपारी मी केंद्रात फोन केला. हेर्लेकर सर, मी दमले हो. मला आता माझीच भीती वाटते.”

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

“यादीवर का नाही लिहिलंत?”

“कसं लिहू? तिथं असं कुणीच लिहीत नाही. सगळे सांभाळतायत. माणसाला केंद्रात टाकलं असं अडीच वर्षांत एकानं तरी लिहिलंय का?”

“नाही,” ते म्हणाले. “एकानंही नाही.”

हे बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी वही पुढे ओढली आणि मागची पानं उलटायला लागले. नकाशावरच्यासारखी सुबक, सुटी अक्षरं होती. ‘कमी केलेली नावे’. एकाखाली एक, तारीख आणि गाव. शेवटचं माझं होतं.

“सदतीस आहेत,” ते म्हणाले. “सदतीस जणांनी सामान दिलं. मी सदतीस नावं काढली. एकालाही विचारलं नाही.”

“पण तुमच्यात फोन करतात ना? प्रमिलाबाईंसारखा? तेव्हा कळलं असतं की.”

“फोन झाले. काहींनी उचलले नाहीत. काहीजण नुसतं ‘हो, हो’ म्हणाले आणि ठेवून दिले. मला वाटलं, दुःखात आहेत.”

मला माझा कालचा तो क्षण आठवला, कुकरजवळचा. मी ‘हो’ म्हणणार होते. जिवंत नवरा समोर दोरे गाठत असताना मी ‘हो, गेले’ म्हणणार होते, कारण ते सांगायला सोपं होतं. आणि गेले बारा दिवस मी हेर्लेकरांना जाब विचारायला का आले नव्हते, तेही कळलं. मला वाटत होतं, त्यांना कुठून तरी समजलंय मी काय करतेय ते, आणि म्हणून मला काढलंय. माझ्या मनानं मी ते मान्य करून टाकलं होतं.

“थांबा,” हेर्लेकर म्हणाले. त्यांनी वहीतल्या एका नावावर बोट ठेवलं आणि फोन फिरवला. आवाज मला ऐकू यावा म्हणून फोन टेबलावर ठेवला. “अरविंद कोठावळे, बार्शी. आईचं करायचे. पावणेदोन वर्षं झाली.”

“नमस्कार, सर,” पलीकडून आवाज आला. “इतक्या दिवसांनी?”

“कोठावळे, एक विचारायचं राहून गेलं होतं. तुमच्या आई...”

“आहे की सर,” कोठावळे म्हणाले. “पुण्याला ठेवलीया. रविवारीच जाऊन आलो. केळं खाल्लं माझ्या हातनं.” मग आवाज खाली आला. “त्या बाईंचा फोन आला तवा मी हो म्हटलं होतं. नाही म्हटलं असतं, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. चुकलं माझं.”

“तुमचं नाही,” हेर्लेकर म्हणाले. “चूक माझी आहे.”

फोन ठेवून ते वहीवर हात ठेवून बसले. इतका दमलेला माणूस मी आरशाबाहेर पाहिला नव्हता.

“तोडकरबाई, मला एक मसुदा करून द्या,” शेवटी ते म्हणाले. “या सगळ्यांना पाठवायला. मला नेमकं लिहिता येणार नाही. तुमचा हात बसलेला आहे.”

मी तिथंच बसून लिहून दिलं. ‘विषय: आपले नाव यादीतून कमी केल्याबाबत. आपणांस पूर्वसूचना न देता आपले नाव कमी करण्यात आले, ही चूक झाली. आपले माणूस घरी असो, केंद्रात असो वा नसो, आपली इच्छा असल्यास आपले नाव पुन्हा समाविष्ट करण्यात येईल. कारण देण्याची आवश्यकता नाही.’ शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“तुमचं नाव आत्ताच घालतो,” ते म्हणाले.

“घाला. पण एक तारखेला काढू नका.”

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. गाडी हातकणंगल्याच्या अलीकडे आली तेव्हा सहज दिवस मोजले. एकोणतीस जानेवारी. एक तारखेला उरले तीन दिवस. सात दिवस तर केव्हाच हुकले होते.

कुणाचे सात दिवस मोजतेय, ते तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. माझ्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. एक तारखेला यांना नवा सदरा घालायचा, नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊ म्हणायचं, रिक्षात बसवायचं आणि केंद्रात सोडून यायचं. तिथल्या लोकांनीच सुचवलं होतं, त्रास कमी होतो म्हणाले. म्हणजे बत्तीस वर्षांच्या घरातून मी या माणसाचं नाव काढणार होते आणि त्याला सांगणारही नव्हते. आणि मी सांगलीला गेले होते नोटिशीवरून भांडायला! मला माझी इतकी लाज वाटली की शेजारच्या बाई विचारायला लागल्या, गाडी लागते का म्हणून.

घरी पोचेपर्यंत साडेचार झाले, तरी हे जागे होते. शकीलाभाभीच्या मांडीवर गाठी मारलेल्या दोऱ्यांचं भेंडोळं होतं.

“झोपलं न्हाईत आज,” ती म्हणाली. “आंघोळ केली मात्र. लई शहाण्यासारकी केली.”

ती गेल्यावर मी खुर्ची ओढून यांच्यासमोर बसले. त्यांचे दोन्ही हात धरले, म्हणजे गाठी थांबल्या.

“अहो, ऐका. तुम्हाला सांगायचं राहिलंय.”

ते माझ्याकडे बघू लागले. ओळख नव्हती, पण लक्ष होतं.

“तीन दिवसांनी मी तुम्हाला एका ठिकाणी नेणार आहे. वाडीला नाही. तिथंच राहायचं तुम्ही. तिथं माणसं आहेत तुमचं करायला. मला आता जमत नाही. मी तुम्हाला ढकललं होतं, आठवत नसेल तुम्हाला. परत तसं व्हायला नको. मी आठवड्यातून दोनदा येईन. हे आधी सांगायला पाहिजे होतं, म्हणून सांगतेय.”

मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही, इतका थकवा होता. यांनी माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले आणि कपाळाला आठी घातली. कारखान्यात कामगार पुढ्यात येऊन उभा राहिला की अशीच आठी असायची.

“रजा पायजे?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

“किती दिवस?”

“माहीत नाही.”

ते विचारात पडले. मग म्हणाले, “दोन पाळ्या सलग केल्यास व्हय? दिसतंय तोंडावर. जा. पण बदली माणूस आल्याबिगर माग सोडायचा न्हाई. चालता माग तसाच टाकून गेलीस तर खपवून घेणार न्हाई मी.”

“नाही जाणार,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि चादर पुढे ओढली.

त्या संध्याकाळी मी यादीवर लिहिलं. अडीच वर्षांतली माझी सर्वात लांब मेल. ढकलल्याचं लिहिलं, पाकिटाचं लिहिलं, एक तारीख लिहिली. ‘माझे नाव काढू नये’ असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी चारला उघडलं तर चौतीस उत्तरं होती. दोघांनी मला नावं ठेवली होती. बाकीची मी एका बैठकीत वाचू शकले नाही. त्यांत नऊ जण परत आलेले होते, सदतीसमधले, आणि सर्वात वर बार्शी होती.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. हे केंद्रात चार वर्षं होते, आणि ते गेले तेव्हा मी यादीवर तसं साध्या शब्दांत लिहिलं. हेर्लेकर नाहीत. वही माझ्याकडे आहे. एखाद्याची सामानाची मेल आली की आधी मी फोन करते, आणि झोपेच्या आधी दुसरं विचारते: “माणूस कुठं आहे?”

पण एक तारखेचं सांगायचं राहिलं.

नवा सदरा नाही घातला, रोजचाच घातला. चादर बरोबर घेतली. केंद्रातल्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची होती, तिथं हे बसले आणि लगेच काठ उसवायला लागले. फॉर्म, औषधं, सगळं देऊन झालं. ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, “आता निघा तुम्ही. ते कामात आहेत तोवर मागच्या दारानं जा, म्हणजे कळणार नाही.”

“कळू दे,” मी म्हणाले. “त्यांचं करणार कोण आहे, त्यांना बोलवा आधी.”

पाऊण तास थांबावं लागलं. मग पन्नाशीच्या एक बाई हात पुसत आल्या. नाव जनाक्का, म्हणाल्या. मी त्यांना यांच्यासमोर स्टुलावर बसवलं आणि एक दोरा त्यांच्या हातात दिला. यांनी त्याला गाठ कशी मारायची ते दाखवलं. जनाक्कांची चुकली. यांनी परत दाखवलं.

मी पिशवी घेतली तसं यांनी वर बघितलं.

“बदली आली?”

“आली.”

त्यांनी जनाक्कांकडं एकदा नीट बघून घेतलं आणि पुन्हा दोऱ्याकडे वळले.

“मग जा की घरला. थांबलीस कशाला?”